ट्रंकेतले खण आणि पहिली गोधडी

आमच्याकडे लग्न होऊन वीसेक वर्षं झालेल्या कुठल्याही बाईची ट्रंक उघडा. वर दोन-चार जरीच्या साड्या आणि खाली ब्लाउजपीसची थप्पी. ओटीत आलेले, आहेरात आलेले, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरून मिळालेले. शिवून घालायचे म्हटलं तर साडीला रंग जुळत नाही, देऊन टाकायचे म्हटलं तर जीव होत नाही. काही तर गावभर फिरून येतात. मी एका हळदीकुंकवाला दिलेला मोरपंखी खण तीन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला. कोपऱ्यावरच्या शाईच्या ठिपक्यावरून ओळखला.

ही थप्पी, एखादं जुनं सुती लुगडं किंवा धोतर, आणि बटण लावता येईल एवढं सुईचं ज्ञान, इतकं तुमच्याजवळ असेल तर पहिली गोधडी सुरू करता येते. पुढे जे सांगते आहे ते ज्यांनी आजवर एकही गोधडी शिवलेली नाही त्यांच्यासाठी. हात बसलेल्या बायकांना यातलं बरंच काही बाळबोध वाटेल, आणि काही ठिकाणी त्या माझ्याशी भांडतीलही.

दुपट्यापासून सुरुवात करा

पहिली गोधडी म्हणजे डबलबेडची, असा मोह होतो. मी तोच केला. आईची लुगडी, सासऱ्यांची धोतरं, सगळं एकदम काढून बसले. चार ओळी धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा सरळ टाका, झाला आणि चैत्र संपला. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्या उन्हाळ्यात पाच किलोचं कापड मांडीवर घेऊन कोण बसणार? ती गोधडी गुंडाळून माळ्यावर गेली ती चार वर्षं तिथेच होती.

म्हणून पहिलं दुपटं शिवा. ३६ इंच लांब, ३६ इंच रुंद. घरात लहान बाळ असेल तर त्याला, नसेल तर झोपाळ्यावर टाकायला किंवा म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांवर पांघरायला. सहा ओळी, दर ओळीत सहा चौकोन, म्हणजे एकूण ३६ चौकोन. चुका सगळ्या होतील, पण मांडीवर मावतील एवढ्याच.

कापड निवडणं

एक सकाळ यासाठीच ठेवा. सगळे खण सतरंजीवर पसरा आणि रंगाकडे बघायच्या आधी पोत बघा. आहेरातल्या खणांत निम्मे तरी पॉलिस्टर किंवा टेरिकॉट निघतात. ते चमकतात, सुळसुळतात, मोहात पाडतात. सुतीबरोबर ते जोडू नका. इस्त्रीला दोघांची गरमी वेगळी लागते, धुतल्यावर सुती आटतं आणि पॉलिस्टर जसंच्या तसं राहतं, मग शिवणीजवळ चुण्या पडतात त्या कायमच्या.

हाताला कळत नसेल तर जाळून बघा. कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा, स्टीलच्या ताटलीवर काडेपेटीची काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मऊ करडी राख पडते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी राहतो. राखही आणि बारीक खडेही असं दोन्ही आलं तर तो मिश्र धागा. पहिल्या दुपट्यासाठी फक्त सुती घ्या. ‘टू बाय टू’ नावानं जे ब्लाउजचं साधं कापड मिळतं त्यातलं सुती निघालं तर या कामाला फार छान. पातळ, घट्ट विणीचं, सुई सहज जाते.

मग ताकद. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड घडीवरच विरतं. उजेडाकडे धरून घडीची रेघ बघा. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून हलकेच ताणा. ‘चर्र’ आवाज आला की तेवढी पट्टी बाद. बाकीचा खण चांगला असू शकतो, तेव्हा पूर्ण टाकून देऊ नका.

जुन्या लुगड्याची परीक्षा वेगळी. बसण्याच्या जागी ते आधी विरतं, पदराकडे मजबूत राहतं. रावेर-यावलकडच्या बायकांच्या शेतातल्या लुगड्यांवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असतात. ते कुठल्याही साबणानं जात नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. डागाचं कापड आतल्या थराला लावा. तिथे ते कुणाला दिसत नाही, आणि इतक्या धुण्यांनी मऊ झालेलं कापड बाजारात विकत मिळत नाही.

धुणं, आणि तांबड्या रंगाचा संशय

नवा कोरा खण धुवायचा कशाला, असं वाटेल. धुवायचाच. त्याला खळ असते, डांबरगोळीचा वास असतो, आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आत्ता आटू द्या. गोधडी झाल्यावर एक चौकोन आटला आणि शेजारचा, आधीच धुतलेल्या लुगड्याचा, आटला नाही तर काय होईल ते सांगायला नको.

तांबडा, मरून, गडद निळा आणि काळा, हे चार रंग गुन्हेगार समजूनच चाला. प्रत्येक खणाचा कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर जोरात घासा. चिंधी रंगली तर तो खण वेगळ्या बादलीत, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चार-पाच धुण्यांनंतरही रंग सुटतच असेल तर त्याला दुपट्यात घेऊ नका, कितीही आवडता असला तरी. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं बहुतेक घरांत सांगतात. मीही तसंच केलं होतं. त्या मिठावर विसंबून लावलेल्या एका कुंकवाच्या रंगाच्या खणानं माझे आठ पांढरे चौकोन गुलाबी केले. तेव्हापासून मी फक्त चिंधीवर विश्वास ठेवते.

वाळवायचं सावलीत. थोडं दमट असतानाच इस्त्री करा, उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेनं. इस्त्री गोल फिरवली तर कापड तिरकं ताणलं जातं.

कापणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो कात्रीला लागत नाही, मनाला लागतो. हा खण आत्याबाईंनी दिला, हा पहिल्या आखाजीचा. मी एक युक्ती करते. प्रत्येक खणातून आधी फक्त सहा चौकोन कापते आणि उरलेलं घडी करून परत ट्रंकेत. खण ‘संपला’ असं वाटत नाही आणि हात चालतो.

साचा हवा. पुठ्ठा वापरलात तर दहाव्या चौकोनापर्यंत त्याच्या कडा झिजतात आणि शेवटचे चौकोन पहिल्यांपेक्षा लहान निघतात. त्यापेक्षा गावातल्या सुताराकडून सनमायकाचा एक फालतू तुकडा आणा आणि त्यालाच सात इंच बाय सात इंच नेमका कापून द्यायला सांगा. कोपरे काटकोनात आहेत ना, ते वहीच्या कोपऱ्याला लावून बघा. सुतारानं ‘जवळपास’ कापला असेल तर परत पाठवा. इथे सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढी, चूक झाली तर सहा चौकोनांत ती पाऊण इंच होते.

सात इंच का, तर चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो आणि दिसणारा चौकोन सहा इंचाचा राहतो. जाणत्या बायका पाव इंचच शिवणीत घालतात. जुन्या कापडाचे धागे सुटतात, नव्या हाताची शिवण वाकडी जाते, म्हणून तुम्ही अर्धाच ठेवा.

कापडाची दोन्हीकडची घट्ट किनार आधी काढून टाका. साच्याची एक बाजू उभ्या धाग्याला समांतर ठेवा. चौकोन उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापला गेला तर तो शिवताना रबरासारखा लांबतो. शिंप्याच्या खडूनं रेघ मारा. खडू नसेल तर साबणाची झिजलेली वडी चालते, गडद कापडावर तर खडूपेक्षा चांगली दिसते. बॉलपेन नको. साधारण ८० सेंटिमीटरच्या खणातून धुतल्यानंतर १६ चौकोन आरामात निघतात, म्हणजे सहा खणांचे सहा-सहा चौकोन काढले तरी भरपूर उरतं.

तीन खण फिके आणि तीन गडद निवडा. डोळे अर्धवट मिटून बघितलं की कुठला कशात मोडतो ते लगेच कळतं. फुलाफुलांचे सहाही घेतले तर दुपटं बाजाराच्या दिवसासारखं गजबजतं, एक-दोन साधे रंग मध्ये हवेतच.

मांडा, बघा, मग जोडा

चौकोन जमिनीवर सहा बाय सहा मांडा. एक फिका, एक गडद, बुद्धिबळाच्या पटासारखे. नवीन माणसासाठी हीच मांडणी बरी, कारण चुकली तर लगेच दिसते. मग लांब उभं राहून बघा, एक रात्र तसंच राहू द्या. रात्र राहू देणं शक्य नसेल (आमच्याकडे मांजर आहे) तर मोबाइलवर फोटो काढा आणि ओळीवार उचलून ठेवा. प्रत्येक ओळीच्या पहिल्या चौकोनाला कागदाच्या चिठ्ठीवर १ ते ६ आकडा टाचून ठेवा.

आता पहिल्या ओळीतले दोन चौकोन सरळ बाजू आतल्या अंगाला ठेवून एकमेकांवर ठेवा, टाचण्या लावा, अर्ध्या इंचावर रेघ मारा आणि त्या रेघेवर बारीक धावदोरा घाला. दर चार-पाच टाक्यांनंतर एक टाका मागे घ्या, म्हणजे शिवण उसवत नाही. शिलाई मशीन असेल तर जोडणीला खुशाल वापरा. सगळ्या जोडण्या मिळून दहा मीटरच्या आसपास शिवण होते. मशीनवर हे काम एका दुपारचं, हातानं आठवडाभराचं.

सहा चौकोनांची ओळ झाली की उलट्या बाजूनं शिवणी इस्त्रीनं एकाच अंगाला दाबा. पहिल्या ओळीच्या सगळ्या उजवीकडे, दुसरीच्या सगळ्या डावीकडे, तिसरीच्या परत उजवीकडे. असं केलं की दोन ओळी एकमेकींवर ठेवल्यावर शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि चार कोपरे नेमके जुळतात. प्रत्येक जोडावर टाचणी लावा, मग लांब शिवण घाला. सहा ओळी जोडल्या की वरचा थर तयार. कडेचे अर्धे-अर्धे इंच धरून तो ३७ इंचाचा भरेल.

एखादा कोपरा जुळला नाही तर? एका रेघेएवढा फरक असेल तर सोडून द्या. बोटाएवढा असेल तर तेवढीच शिवण उसवा, पूर्ण ओळ उसवू नका.

आत काय भरायचं

घरचा कापूस आहे म्हणून तो भरायचा मोह खान्देशात कुणालाही होईल. नका भरू. शेतातल्या कापसात सरकी असते, ती काढावी लागते, मग पिंजावा लागतो, आणि पिंजलेला कापूस सारखा पसरून जागेवर राहावा म्हणून टाके जवळ-जवळ घालावे लागतात. नाहीतर दुसऱ्या धुण्यात त्याचे गोळे होतात. ते पिंजाऱ्याचं काम, त्याची रजई होते. आपली गोधडी कापडाच्या थरांची.

एक जुनं नऊवारी पुरे. त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंचाचा असतो आणि लांबी आठ मीटरच्या वर. त्यातून मागचं अस्तर ४१ इंचाचं चौरस कापा आणि आतले दोन थर ३८ इंचाचे. निम्म्याहून जास्त लुगडं तरीही उरतं, त्यामुळे विरलेला भाग टाळता येतो. लुगडं नसेल तर धोतर किंवा कोरा मांजरपाट. मांजरपाट घेतलात तर दोनदा धुऊन घ्या, तो भरपूर आटतो आणि त्याची खळ हट्टी असते. जळगावला फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याला पाचकंदीलकडे गेलात तर सुती दोरा, सुया, मांजरपाट एकाच फेरीत होतं. पॉलिस्टरची साडी आत घालू नका. उन्हाळ्यात घाम शोषत नाही, आणि थर एकमेकांवरून सरकतात.

थर टाचणं

फरशी स्वच्छ पुसून घ्या. खाली अस्तर, उलटी बाजू वर. त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनं फरशीला चिकटवा, ताणून नाही, फक्त सुरकुती जाईल इतपत. त्यावर आतले दोन थर, हातानं मधून बाहेर सारवल्यासारखे सपाट करत. सगळ्यांत वर जोडलेले चौकोन, सरळ बाजू वर, चारी बाजूंना अस्तर सारखंच बाहेर राहील असे.

मग कच्चे टाके. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर काढताना दिसतो. मध्यापासून सुरुवात करून कडेपर्यंत जा, उभे-आडवे, दोन ओळींत वीतभर अंतर. गुडघे दुखतील. एका बैठकीत होत नाही म्हणून अर्धवट उचलू नका, उचललं की थर हलतात.

माझी मोठीमाय कच्चे टाके घालतच नसे. कोपऱ्यापासून सुरू करायची आणि कडेकडेनं फिरत फिरत, एकात एक चौकट घालत मध्यावर येऊन थांबायची. तळहातानं कापड सारत पुढे जायची, मध्ये एक फुगा नसायचा. तिचं बघून मी तसं केलं तर मध्यभागी ताटलीएवढा फुगवटा आला. तो हात यायला पाच-सहा गोधड्या जाव्या लागतात.

धावदोरा

दोरा सुती आणि जाडसर घ्या. रिळाचा बारीकच दोरा असेल तर दुहेरी करा. सुई लांब, टोकदार आणि नेढं मोठं असलेली. दाभण नको, ते पोत्यांसाठी, कापडाला भोकं पाडतं. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. पहिल्या दिवशी ते अडगळ वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय सुई धरवत नाही.

दोरा खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत, त्याहून लांब नको. एका ओळीत दोनदा ओवावा लागला तरी चालेल. लांब दोऱ्याला गाठी पडतात, आणि तो इतक्यांदा कापडातून जातो की शेवटी झिजून तुटतो. मी परत परत ओवायचा कंटाळा करून वावभर दोरा घेतला की मोठीमाय ओट्यावरूनच ओरडायची, “कसाले इतला लांब दोरा लेस व?”

गाठ बाहेर दिसू द्यायची नाही. सुई जिथून सुरू करायची त्याच्या बोटभर आधी वरच्या थरातून आत घाला, सुरुवातीच्या जागी बाहेर काढा आणि दोरा हलकेच ओढा. ‘टप्’ होऊन गाठ आत जाते.

चौकोनांच्या शिवणीपासून पाऊण इंचावर पहिली ओळ, मग दर दीड इंचावर एक, म्हणजे दोन बोटांचं अंतर. एका चौकोनात चार ओळी बसतात, आणि लांबीच्या दिशेची एकही ओळ जाड शिवणीवर येत नाही. एकूण २४ ओळी. सुईवर तीन-चार टाके घ्या आणि मग दोरा ओढा. प्रत्येक टाक्याला खालच्या हाताच्या बोटाला सुईचं टोक जाणवायला हवं, नाहीतर अस्तर सुटलेलं असतं आणि ते आठ ओळींनंतर कळतं. इंचाला चार टाके धरले तर सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आत-बाहेर होतात. टाका बारीक असण्यापेक्षा सारखा असणं बरं दिसतं. पहिल्या ओळीतले टाके आणि शेवटच्या ओळीतले टाके वेगळ्या माणसाचे वाटतील, ते तसेच राहू द्या. इथेही मधल्या ओळीपासून सुरुवात करा आणि एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला असं जा.

दोरा फार ताणू नका. ताणला की कापड गोळा होतं आणि ३६ इंचाचं दुपटं ३३ वर येतं. थोडी सुरकुती मात्र यायलाच हवी. गोधडी अगदी सपाट दिसली तर ती चादर होते.

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे गोधड्या उन्हाळ्यात शिवतात, कारण शेतात काम नसतं आणि आखाजीला आलेल्या लेकी हाताशी असतात. दुपारी बारा ते पाच मात्र विसरा. घामेजल्या बोटांत सुई सरकते आणि फिक्या कापडावर डाग पडतात. सकाळी चहाच्या आधी दोन ओळी, संध्याकाळी ओट्यावर दोन. या हिशेबानं आठवड्यात होतं.

काठ

धावदोरा संपला की कच्चे टाके काढा. आतले थर वरच्या थराच्या बरोबरीनं छाटा, पण हे करताना अस्तर खाली दुमडून ठेवा, मी एकदा तेही कापलं आहे. मग अस्तर चारी बाजूंनी एक इंच बाहेर राहील एवढं ठेवून उरलेलं कापा. त्या इंचाची अर्धी घडी आत, मग परत एक घडी वरच्या अंगावर. अर्ध्या इंचाचा काठ तयार होतो आणि कडेचे चौकोनही नेमके सहा इंचाचे दिसतात. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग उरलेल्या दोन. कोपऱ्यात जाड होतं, तिथे आतलं थोडं कापड तिरपं छाटा. तुरपाईचे टाके जवळ-जवळ घाला. गोधडी आधी फाटते ती काठावर, कारण ओढताना हात तिथेच पडतो.

एका कोपऱ्यात मागच्या अंगाला दोऱ्यानं वर्ष घाला. नाव घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

पहिलं धुणं

गार पाणी, रिठ्याचं किंवा साध्या साबणाचं, एकटंच. पिळू नका, बादलीवर दाबून पाणी काढा. ओलं दुपटं जड होतं, एका दोरीवर टाकलं तर मध्ये खेचलं जातं, म्हणून दोन दोऱ्यांवर आडवं पसरा. सावलीत. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन रंगही खातं आणि दोराही.

उरलेले चौकोन आणि लुगड्याचा अर्धा भाग एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून ठेवा, सनमायकाचा साचाही त्यातच. माझा दोनदा हरवला, आणि दोन्ही वेळा सुतारानं नवा साडेसहा इंचाचा कापून दिला.